रिसीव्हर बघायला आलेली

"हा घेऊ नका."

आवाज मागून आला. क्रांतीनं वळून पाहिलं. अर्धवट भिजलेला शर्ट, कपाळाला चिकटलेले केस आणि छातीशी कवटाळलेलं भलंमोठं खोकं. त्या खोक्यावरचं चित्र अगदी त्याच यंत्राचं होतं, ज्याच्यावर ती आत्ता बोट ठेवून उभी होती.

"का बरं?"

"बंद पडतो. चालता चालता मध्येच. मी परत द्यायलाच आणलाय."

काउंटरमागचे शेठ कावले. "अरे भाई, माझा गिऱ्हाईक कशाला तोडते? वरसभर वापरला ने आता परत आणते?"

भाद्रपद सरत आला होता. माणगावच्या बाजारपेठेत पाऊस येऊन-जाऊन करत होता आणि आडोसा म्हणून अर्धी गर्दी दुकानांच्या पायऱ्यांवर उभी होती. क्रांती मात्र ठरवून आली होती. तिथल्याच एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची. जेवणाच्या सुट्टीत कितीतरी दिवस मोबाईलवर बसून तिनं हा होम थिएटरचा, टीव्हीचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांत वाटून देणारा स्वस्तातला रिसीव्हर निवडला होता.

"पण ज्यांनी घेतलाय ते सगळे चांगलंच म्हणतात," ती म्हणाली.

"तुम्ही अभिप्राय वाचलेत?"

"सगळे."

त्यानं खोकं काउंटरवर टेकवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तो पण वाचला असेल... 'पार्सल वेळेवर आलं, अजून उघडलं नाही, पाच तारे'?"

क्रांतीला हसू फुटलं. "आणि तो? 'रंग छान आहे, सासऱ्यांना आवडला.'"

"रिसीव्हरचा रंग!" तोही हसला. "अहो, कौतुक करणारे सगळे पहिल्या आठवड्यात लिहितात. पहिल्या आठवड्यात कुणाला काय वाईट दिसतंय?"

"एकानं मात्र मनापासून लिहिलंय. माझ्या बाबांना कमी ऐकू येतं हो. टीव्हीवर गाणी ऐकू येतात, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. त्यानं लिहिलंय, सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं आणि ह्या रिसीव्हरवर तेवढाच आवाज वेगळा वाढवता येतो. 'माझी आई आता मालिकेतलं कुजबुजणंसुद्धा ऐकते.' ते वाचूनच मी—"

 तो कानामागे खाजवत, खाली बघत म्हणाला, "तो... माझा आहे."

"काय?"

"अभिप्राय. मीच लिहिलेला. पहिल्या आठवड्यात."

"म्हणजे 'घ्या' म्हणणारे तुम्हीच आणि 'घेऊ नका' म्हणणारेही तुम्हीच?"

"हो," तो म्हणाला, आणि असा काही ओशाळला की क्रांतीला तिथंच तो आवडून गेला.

शेठनी त्याचा रिसीव्हर दुकानात लावून पाहिला. तो खणखणीत चालला. खोकं परत त्याच्याच हातात आलं. क्रांतीनंही हट्टानं तोच घेतला. निघताना त्यानं तिच्या खोक्याच्या झाकणावर पेनानं नंबर लिहिला, खाली नाव: स्वराज.

"बंद पडला तर..." तो म्हणाला.

"आणि नाही पडला तर?"

"तरी..." पुढचं त्यानं पावसावर सोडून दिलं.

रिसीव्हर बंद पडला. तोही पहिल्याच संध्याकाळी, सिनेमात नायिका काहीतरी महत्त्वाचं सांगणार एवढ्यात. बाबा म्हणाले, "असू दे गं, मला कुठं ऐकू येतंय." क्रांतीनं फोन केला.

स्वराज न्हावा शेवाला एका कंटेनर यार्डाच्या कचेरीत नोकरीला होता आणि रविवारी निजामपूरच्या वाटेवरच्या आपल्या गावी यायचा. त्या रविवारी तो आधी क्रांतीच्या घरी, बौद्धवाडीत आला. चपला काढून आत शिरला, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं, बाबांना वाकून नमस्कार केला आणि टीव्हीमागे डोकं खुपसून बसला. तारेचा केसाएवढा एक धागा शेजारच्या तारेला चिकटला होता. तेवढ्यानं सगळं बंद पडत होतं. त्यानं तो दाखवला, क्रांतीला स्वतःच्या हातानं पीळ द्यायला लावला, रिमोटवर मधला स्पीकर कसा वाढवायचा ते शिकवलं. मग सिनेमा लावला. पडद्यावरची म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि बाबा एकदम म्हणाले, "अगं, ही तर सुनेला शिव्या देतेय!"

आई, भिमाबाई, हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली आणि तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण घेऊन आली. स्वराज पोटभर जेवला. ताटातलं पुसून खाल्लं. क्रांती हे सगळं बघत होती. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होती.

निघताना पडवीत तिनं विचारलंच. "तुमच्या घरी कळलं, तुम्ही इथं जेवलात तर?"

"मला तसलं काही नाही."

"मी घरच्यांचं विचारलं."

"घरचे... त्यांनापण कळेल हळूहळू," तो म्हणाला आणि तिच्या केसात अडकलेलं धुळीचं जाळं बोटानं अलगद काढलं. प्रश्न त्या बोटाबरोबर कुठंतरी निघून गेला.

मग रविवार येतच राहिले. कधी बाबांच्या टीव्हीच्या आवाजाची पट्टी जुळवायला, कधी नुसतेच. दिवाळीनंतर दोघं दिघीला गेली आणि आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढली. पलीकडे काही काम नव्हतं. खाडीवरचा खारा वारा तिची ओढणी उडवत होता आणि तो ती पुन्हा पुन्हा पकडून देत होता.

"अहो, सोडा. उडू दे."

"अहो काय? यार्डात मला अहो म्हणतात. तू... तू म्हण ना."

"तू," ती म्हणाली. तेवढ्या एका अक्षराला तिला केवढा श्वास लागला! "बरं, एक सांग. माझ्याबद्दल काय अभिप्राय लिहिशील?"

तो कठड्याला रेलला. "आत्ता नाही लिहिणार. पहिल्या आठवड्यातलं कौतुक खरं नसतं म्हणालो होतो ना? म्हातारपणी लिहीन. तेव्हा लोक विश्वास ठेवतील."

क्रांतीनं तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून तिनं मनात त्याच्याबरोबरचं म्हातारपणसुद्धा जगून घेतलं.

मार्गशीर्षात तोच म्हणाला, "घरी ये. आईला तुला बघू दे."

"तिला काय सांगितलंयस?"

"एक मुलगी घेऊन येतोय म्हणून."

"कुठली ते?"

"तू आलीस की आपोआप सांगणं होईल, क्रांती. तुला बघितल्यावर कुणाला नाही म्हणवेल का?"

भिमाबाईनं ओल्या नारळाच्या वड्या केल्या. बाबांनी दोनदा विचारलं, "मी येऊ का बरोबर?" क्रांती हसून नाही म्हणाली आणि मोरपंखी पंजाबी ड्रेस घालून, वड्यांचा डबा पिशवीत ठेवून एकटीच गेली.

घर प्रशस्त होतं. अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी, ओटीवर झोपाळा. झोपाळ्यावर स्वराजचे थोरले काका, मोरूकाका, सुपारी कातरत बसले होते. ते आज येतील हे स्वराजच्या ध्यानीमनी नसावं. त्याचा चेहरा क्रांतीला पायरीवरूनच दिसला.

त्याची आई, कोकिळाबाई, लगबगीनं पुढं आली. "ये गो बाय, बस. नाव काय तुझं?"

"क्रांती."

"ग्वाड हाय हो. गाव कुठलं?"

क्रांतीनं गाव सांगितलं.

मोरूकाकांचा अडकित्ता थांबला. "त्या गावात आपली घरं न्हायत. कुठल्या वाडीतली तू?"

क्रांतीनं स्वराजकडे पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता. आता तो बोलेल, ती मनात म्हणाली... आत्ता बोलेल.

"बौद्धवाडीतली," तिनंच सांगितलं.

कुणी वाईट बोललं नाही.  कोकिळाबाईंचा पुढं आलेला हात तसाच पदराकडे वळला. मग मोरूकाकांनी पुतण्याला विचारलं, "हिचं काय काम हाय आपल्याकडं?"

"त्या... कंपनीकडून आल्यात," स्वराज म्हणाला. "रिसीव्हर बघायला. तो बंद पडतो ना सारखा, म्हणून मी बोलावलं. या मॅडम, आतल्या खोलीत आहे."

त्या. आल्यात. या मॅडम. पहिल्यांदा क्रांतीला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याचे डोळे दिसले. ते तिला विनवत होते — सांभाळून घे.

ती उठली. पिशवी खांद्याला लावून आतल्या खोलीत गेली. देवाच्या फोटोंखाली लाकडी शोकेसमध्ये तोच रिसीव्हर चालूच ठेवलेला होता, वर क्रोशाचा जाड रुमाल अंथरलेला. तिनं मागच्या तारा एकेक करून तपासल्या. त्यानंच शिकवलं होतं तसं. तारा ठीक होत्या. रुमालाखाली हात घातला, तर पत्रा तापला होता.

"हा रुमाल नेहमी असतो का यावर?"

"व्हय," कोकिळाबाई दारातूनच म्हणाल्या. "धूळ बसते ना. स्वराज आला की काढून ठेवते, त्याला आवडत न्हाय. आज पावनी येनार म्हनून ऱ्हाऊ दिला."

"यातली गरम हवा वरून बाहेर जाते. झाकलंत की तापतो आणि बंद पडतो. यंत्र चांगलं आहे. फक्त झाकू नका."

रुमालाची घडी करून तिनं शोकेसवर ठेवली. कोकिळाबाईंचा जीव भांड्यात पडला असावा. त्या मऊ झाल्या. "च्या घेशील? बाहेर ओटीवर आणून देते."

"नको. अजून एका ठिकाणी जायचंय," क्रांती म्हणाली. वड्यांचा डबा पिशवीतच राहिला.

रस्त्याला लागली तेव्हा मागून मोटरसायकल आली. स्वराज घाईघाईनं उतरला. "क्रांती, ऐक. काका असतील असं मला माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर बोललो असतो तर त्यांनी तुला काय काय ऐकवलं असतं! मी तुला वाचवलं."

"मला?"

"ताईचं लग्न ठरतंय. तेवढं होऊ दे. मग मी—"

"मी स्वतः सांगितलं ना, कुठल्या वाडीतली ते. माझी जीभ नाही अडखळली. तुला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ही माझ्यासाठी आलीय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. क्रांतीला तेही दिसलं आणि म्हणूनच जास्त लागलं. समोरून प्रवासी मिनीडोर रिक्षा आली, क्रांती हात करून तीत दाटीवाटीनं बसली. घरी बाबांनी विचारलं तेव्हा तिनं काही लपवलं नाही. बाबांना ऐकू जावं म्हणून सगळं मोठ्यानं, एकेक वाक्य सावकाश सांगावं लागलं. बाबा बराच वेळ तिचा हात धरून बसले. भिमाबाईनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि त्या रात्री चूल विझवायलाही विसरली.

तिनं त्याचे फोन घेतले नाहीत. लॅबमध्ये ती जास्तीच्या पाळ्या मागून घेऊ लागली. थंडी गेली. बाकी काही गेलं नाही.

शिमगा होऊन गेल्यावर तो माणगावच्या स्टँडवर भेटला. वाळला होता. कँटीनच्या बाकावर दोघं बसली, मध्ये पिशवी.

"उलव्याला खोली बघितलीय," तो म्हणाला. "आपण रजिस्टर लग्न करू. तू तिकडं लॅबमध्ये लागशील. कुणी विचारणारं नाही, काही नाही. फक्त तू आणि मी."

किती वेळा तिनं हे वाक्य मनात ऐकलं होतं! तिचा जीव एकदम त्याच्याकडे धावला... त्याच्या खांद्याजवळचा उसवलेला टाकासुद्धा तिला शिवून द्यावासा वाटला.

"आणि घरी?"

"घरी इतक्यात नको. सणावाराला मी एकटा जाऊन येईन. वर्ष, दोन वर्षं. मग एखादं मूल झालं की आईला राहवणार नाही."

"आणि तोवर मी कोण? परत कंपनीकडून आलेली?"

"क्रांती, प्लीज..."

 फलाटावर तिची एसटी लागली, कंडक्टर गावांची नावं ओरडू लागला.

"स्वराज, मला लग्नात आईचा आशीर्वाद नको. त्यांनी मला घरात घ्यावं, असंही म्हणत नाही. रागावू देत, बोलणं टाकू देत. तू फक्त सांग. आत्ता फोन लाव आणि सांग, माझं क्रांतीवर प्रेम आहे, मी तिच्याशी लग्न करतोय. एवढं बोललास ना, तर मी ह्या एसटीत चढत नाही. जशी आहे तशी तुझ्याबरोबर उलव्याला येते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग खरंच मोबाईल काढला. अंगठ्यानं नाव शोधलं, दाबलं, कानाला लावला. दुसऱ्या हातानं क्रांतीचा हात घट्ट धरला. तळवा घामानं ओला होता. ती श्वास रोखून बसली.

कोकिळाबाई फोनवर नेहमीच मोठ्यानं बोलत असाव्यात. क्रांतीला शब्दन् शब्द ऐकू आला.

"हां, बोल रं बाबा. जेवलास काय?"

स्वराजचे ओठ हलले. त्यानं एकदा डोळे मिटले, उघडले.

"आई..."

"काय रं? आवाज असा का? बरं न्हाय काय तुला?"

"नाही, बरा आहे," तो म्हणाला. "हो... जेवलो. तू जेवलीस?"

क्रांतीनं आपला हात हळूच सोडवून घेतला. त्यानं घाईनं मान हलवून खूण केली, थांब, एक मिनिट, सांगतोय. तिकडून आई वालाच्या शेंगांचं काहीतरी सांगू लागली आणि तो "हं... हं..." म्हणत राहिला. तिनं पिशवी उचलली, एसटीत चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली, जिथून कँटीन दिसत नव्हतं.

पण स्टँडातून बाहेर पडताना गाडी वळली. कँटीन समोरच आलं. तो बाकावरच होता, फोन कानाला, नजर रिकाम्या फलाटावर. तो अजून आईशी बोलत होता.