पाचवी कैची गप्प आहे

देवरुखच्या शाळेच्या सभागृहात सकाळी दहा वाजता छताच्या तक्रारी ऐकून घ्यायला सुरुवात झाली.

कौलांचा भार पेलणारे नऊ लाकडी त्रिकोण, म्हणजे नऊ कैच्या. प्रत्येकीवर इंजिनिअर स्वरूपानं कुंकवाच्या करंड्याएवढी एक लाकूडवाचा चिकटवली होती. लाकडाचे तंतू ताणले गेले की माणसाला ऐकू न येणारा कडकडाट होतो. हे यंत्र त्याचं मराठी करतं. बनवणाऱ्यांनी भाषा नम्र ठेवली होती.

"क्षमस्व, मी दोन सूत वाकले आहे," चौथी म्हणाली.

"माझ्यावर जरा जास्तच आहे. पण असू दे," सहावी म्हणाली.

पाचवी गप्प.

"बघ!" खाली खुर्चीवर बसलेले तिचे वडील, आबा, खुलले. भिकाजी मेस्त्री, वय पंचाहत्तर. पाचवी त्यांनीच तीस वर्षांपूर्वी दुरुस्त केली होती. "माझी कैची. हूं की चूं नाही. बाकीच्या नुसत्या रडूबाई!"

सोमवारी इथे तीनशे मुलं प्रार्थनेला बसणार होती. छत सुरक्षित आहे, अशी सही स्वरूपाला आज करायची होती. ती शिडीवर चढली. पाचवीचं भिंतीत शिरलेलं टोक तिनं पेचकसानं टोचलं. पेचकस मुठीपर्यंत आत गेला, शिऱ्यात जावा तसा.

ती सावकाश खाली उतरली. "आबा, टोकाभोवती सिमेंट तुम्ही भरलंत?"

"मग! पाणी आत जाऊ नये म्हणून."

"आतलं बाहेरही आलं नाही ना. टोक कुजलंय. ती भार घेतच नाही, म्हणून गप्प आहे. तिचं ओझं शेजारच्या दोघी उचलतायत."

आबांनी मान वर करून पाचवीकडे पाहिलं.

"तुझी आई जाऊन तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "मीपण हूं की चूं केलं नाही."

स्वरूपा पेचकस पुसत राहिली.

"आपल्याकडे चौथी कोण गो?"

"मी."

"आणि सहावी?"

"पुण्याचा दादा. तो रोज फोनवर कुरकुरतो."

"क्षमस्व," वरून चौथी म्हणाली, "आणखी अर्धं सूत."

स्वरूपानं सहीचा कागद घडी घालून पिशवीत टाकला. "मुलं अंगणात बसतील. आधी टेकू लावू, मग कुजकं कापून नवं ऐनाचं लाकूड सांधू."

"सांधा मी आखून देतो." आबा उठले. त्यांचे गुडघे कडकडले. ते ऐकायला यंत्र लागलं नाही. "सांधल्यावर ती परत भार घेईल?"

"घेईल. हळूहळू. पण मग बोलायला लागेल."

आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुरकुरली थोडी, तर चालेल ना गो?"