मोठ्या ड्रमचं पान

जेवणं झाली का सगळ्यांची? मग ठीक. ही गोष्ट मी जेवणाआधी सांगत नाही. एकदा सांगितली, तर तुमची काकू ताटावरून उठली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गोष्ट तिच्याच धाकट्या बहिणीच्या घरची. म्हणजे माझ्या साडूची.

साडूला तुम्ही ओळखता. सोफे आणि गाद्या शिवतो तो. माणूस लाखातला, पण चिकट इतका की वाकडा खिळा ठोकून सरळ करेल, नव्या पुडीला हात लावणार नाही. त्याला एकुलती एक मुलगी. घरात सगळे तिला खार म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही आणि बसलीच तर बोटं थांबत नाहीत. टेबल म्हणू नका, पातेलं म्हणू नका, बापाची पाठ म्हणू नका, सगळ्यावर ताल. शाळेच्या बँडमध्ये ड्रमवाल्याची जागा रिकामी झाली तेव्हा सरांनी तिलाच विचारलं. अट एकच, घरी सरावाला ड्रमसेट हवा. साडू दुकानात जाऊन किंमत विचारून आला, आणि मग बरेच दिवस घरात ड्रमचं कुणी नाव काढलं नाही.

अशात एका म्हातारीने त्याला सोफ्याचं माप घ्यायला बोलावलं. उंच छताचं जुनं घर, एकटी बाई. माप घेता घेता याची नजर आतल्या खोलीत गेली. खोली रिकामी. मधोमध नुसता लोखंडी पलंग, गादी नसलेला. आणि उशाशी चादरीखाली काहीतरी गोल गोल.

"आजी, ते काय आहे हो?"

"ह्यांचे ड्रम. नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचे. वारले ते. नेता का?"

"केवढ्याला द्याल?"

"असेच न्या. फक्त आजच न्या."

फुकट! मग साडू कशाला दुसरा प्रश्न विचारतोय? मी त्याला नंतर विचारलं, अरे, ती तुझ्याबरोबर त्या खोलीत आली का? तर म्हणाला, नाही, दारातच उभी होती. तोंडावर रुमाल धरून.

टेम्पोतून सामान उतरलं तेव्हा माझी मेव्हणी म्हणाली, "हे घरात आणू नका." शेवटी मागच्या खोलीवर तडजोड झाली, जिथे तो फोम आणि रेक्झीनचे गठ्ठे ठेवतो.

काय अवस्था होती म्हणून सांगू! लोखंडाला गंज, लाकडाला बुरशी, झांजांवर हिरवा थर. चकचकीत प्लास्टिकचं आवरण फुगून सुटलेलं, त्याच्याखाली झुरळांची अंडी. पायाने वाजवायचा मोठा ड्रम असतो ना, त्याचा आवाज दबावा म्हणून आत उशी कोंबतात. साडूने ती ओढून काढली तर निम्मी हातात आली, निम्मी आत चिकटून राहिली. पिवळी, ओलसर. उंदरांनी तिच्यात घर केलं होतं, आणि घरातली पिल्लं वाळून शेंगांसारखी झाली होती. खार ओकली. साडूने तोंडाला फडकं बांधलं आणि कामाला लागला.

पण बापलेकीने त्या ड्रमचं रूप पालटलं, हे मान्य करायला हवं. स्क्रू रॉकेलमध्ये बुडवून ठेवले. कड्यांचा गंज काढायला चॉकलेटचे चंदेरी कागद पाण्यात भिजवून घासले. खारने त्यासाठी सगळ्या वर्गाकडून कागद गोळा केले होते. सुटलेलं आवरण सोफ्याच्या गोंदाने बसवलं, लाकडाच्या कडा काचेवर सँडपेपर अंथरून सपाट केल्या. छोट्या ड्रमना प्लास्टिकची पानं बसवली, कुणाची तरी वापरलेली. पान म्हणजे वर ताणलेला पडदा, ज्यावर आपण वाजवतो.

राहिला मोठा ड्रम. त्याचं पान जुन्या पद्धतीचं, खऱ्या चामड्याचं. त्या मापाचं नवं एकाच दुकानात होतं, आणि ते परवडेना. साडू म्हणाला, "चामडं माझ्या रोजच्या हाताखालचं आहे. हे फाटलेलं नाही, नुसतं मळलंय. पुसून घेऊ."

इथे त्याची चूक झाली.

त्याने चिंधीने पुसलं. चिंधी काळी झाली. दुसरी घेतली, तीही काळी. बोटाने घासलं तर मळाच्या वळ्या सुटायला लागल्या, आपण अंग चोळताना सुटतात तशा. राखाडी, मऊ. सुपलीभर निघाल्या. खालून पान गोरंपान दिसायला लागलं. खूश होऊन झोपायला गेला.

सकाळी पान पुन्हा मळलेलं. आणि वर थेंब. बारीक बारीक, ओळीने.

"दमट हवा आहे," साडू म्हणाला.

"वास बघा," मेव्हणी म्हणाली.

वास चामड्याचा नव्हता रे. बंद खोलीत, महिनोन् महिने अंघोळ न केलेल्या माणसाच्या काखेचा वास. साडूने वर पावडर मारली. संध्याकाळपर्यंत तिचा चिखल झाला आणि सुरकुत्यांमध्ये बसला.

आता पुढचं ऐकून नाक मुरडू नका. आठवडा गेला, आणि त्या पानावर खुंट आले. केसांचे. पांढरे, जाड, दाढीसारखे. साडूने स्वतःची समजूत काढली की जुन्या चामड्यात राहिलेले केस ओलीने वर आले असतील. मग काय केलं असेल? त्याने स्वतःचा दाढीचा रेझर आणला आणि पानाची दाढी केली. साबण लावून! एका ठिकाणी पातं लागलं. तिथून फिकट, पाण्यासारखं काहीतरी पाझरलं. त्याने अंगठ्याने दाबून धरलं. थांबलं.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच पात्याने स्वतःची दाढी केली. पातं फेकवलं नाही त्याच्याने. हनुवटीवर जो पुरळ उठला, तो महिनाभर वाहत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

बँडचा कार्यक्रम सोमवारी होता. त्याआधीचा शनिवार, मार्चमधला दुसरा. रात्रीचे पावणेदोन. साडूला जाग आली ती आवाजाने. धम् असा नव्हे. खस... खस... खस... कुणीतरी अंग खाजवत असावं तसा. थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा.

त्याला वाटलं, उंदीर. टॉर्च घेऊन निघाला. जाता जाता खारच्या पलंगाकडे बघितलं.

पलंग रिकामा.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने ढकललं. आधी वास आला. मग गरम वाफ. बाथरूमचं दार उघडल्यावर येते तशी.

टॉर्च मारली.

खार जमिनीवर बसली होती. मोठ्या ड्रमला मिठी मारून. गाल पानावर टेकलेला. डोळे उघडे.

"खारे... काय करतेस?"

"शू... बाबा, हे गरम आहे."

"उठ. इकडे ये."

"हळू बोला. आत कुणीतरी आहे..."

"कोण?"

"माहीत नाही. आवंढे गिळतंय."

साडू सांगतो, मी हललो नाही. ऐकत राहिलो. आणि मलाही ऐकू आलं. गुटक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... गुटक्. घशाला कोरड पडलेल्या माणसाचा आवंढा.

दारातून वारा आला. थंड. टॉर्चचा उजेड पानावर होता. भीतीने काटा आपल्या अंगावर येतो ना? इथे काटा पानावर आला. त्याच्या डोळ्यांसमोर. या कडेपासून त्या कडेपर्यंत, बारीक, दाणेदार, थंडी वाजल्यासारखा.

त्याने पोरीचे खांदे धरले आणि ओढली. गाल सुटेना. चिकटला होता. पुन्हा ओढली. जखमेवरची पट्टी निघताना होतो तसा आवाज झाला, आणि ती मोकळी झाली. गालावर राखाडी मळाचा गोल. तो तिने हाताने पुसला आणि हाताकडे बघून किंचाळली. तेव्हा कुठे ती नीट जागी झाली.

मेव्हणी धावत आली. पोरीला तिच्या हाती दिलं. साडूने पाना घेतला आणि बोल्ट ढिले करायला लागला. एकेक बोल्ट सुटेल तसं चामडं सैल पडत गेलं. लोंबलं. वळ्या पडल्या. म्हाताऱ्या पोटाला पडतात तशा. शेवटचा बोल्ट सुटला...

आणि श्वास बाहेर पडला.

लांब. कुजका. साडूच्या तोंडावर.

तो म्हणतो, त्या श्वासात शब्द होता. कुठला, ते तो सांगत नाही.

सकाळी ते पान रेक्झीनमध्ये गुंडाळून तो म्हातारीच्या दारात उभा राहिला. तिने साखळी न काढता दार उघडलं.

"आजी, हे तुमचं तुम्हाला परत."

तिने गुंडाळीकडे बघितलं. काय आहे, विचारलं नाही. "घाम येतो का?" एवढंच म्हणाली.

साडूने मान हलवली.

"नऊ वर्षं अंथरुणात होते," म्हातारी म्हणाली. "हात हलत नव्हता, पाय हलत नव्हता, वाचा नाही. फक्त डोळे. मीच पुसायचे, मीच दाढी करायचे, मीच सगळं काढायचे. उशाशी ते ड्रम हवेत म्हणून डोळ्यांनी खुणा करायचे, म्हणून तिथे ठेवले होते."

"मग?"

"मग एक दिवस मला शिसारी आली. म्हटलं, आज नको. उद्या पुसू. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या." म्हातारी दाराची साखळी चाचपत होती. "पेज, पाणी लांबूनच चमच्याने तोंडात ओतायचे. नाक दाबून. हात लावला नाही पुन्हा. ते बघायचे हो माझ्याकडे... पावसाळाभर बघत होते."

साडूने गुंडाळी उंबऱ्याशी ठेवायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही." आणि दार लावलं.

गावाबाहेर कचरा जाळतात तिथे साडूने ते पान रॉकेल ओतून जाळलं. जळलं. नीट जळलं, पूर्ण राख होईपर्यंत तो उभा होता. मोठ्या ड्रमला त्याने नवं, दुकानातलं पान आणलं. पहिल्यांदाच किंमत कमी करायला सांगितली नाही. सोमवारी खारने शाळेत असा काही ड्रम वाजवला की मुख्याध्यापिकाबाई खुर्चीवर ताल धरायला लागल्या. आता ती मोठ्या बँडमध्ये आहे, तुम्ही ऐकलंय तिला. गालावर डाग नाही, काही नाही. म्हातारीही पुढच्या वर्षी गेली.

संपलं? संपलं असंच मीही समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी मी साडूकडे मुक्कामाला राहिलो. पहाटे लवकर निघायचं होतं. घरात सगळे झोपलेले. मेव्हणीने रात्री सांगून ठेवलं होतं, "भावजी, दोरीवरचा निळा टॉवेल सोडून कुठलाही घ्या." मी विचारलं, निळा कुणाचा? ती साडूकडे बघायला लागली. साडू वर्तमानपत्राकडे. मेव्हणी म्हणाली, "रोज रात्री एक कोरडा टाकून ठेवते मी. टाकला की घर शांत असतं, नाहीतर रात्रभर ती खस खस सुरू होते."

तेवढंच. मी पुढे विचारलं नाही.

पहाटे बाथरूममध्ये गेलो. फरशी कोरडी होती. बादली कोरडी. नळाला थेंब नाही. रात्रभर तिथे कुणी पाणी सांडलं नव्हतं. दोरीवर टॉवेल होते. मी निळ्याला हात लावायला नको होता...

लावला.

ओलाचिंब होता, पोरांनो. आणि कोमट.