कवळी आणि डिरेक्टरी

"आत शिट्टी तुम्ही वाजवत होतात का?"

नारायण पेठेतल्या दातांच्या दवाखान्यातून शरच्चंद्र शाळिग्राम बाहेर पडत होते, तेव्हा बाकावर बसलेल्या बाईंनी विचारलं. साठी उलटलेल्या, नीटनेटक्या, मांडीवर पर्स धरलेल्या. शरच्चंद्र आधीच वैतागलेले होते.

"कवळी वाजत होती. मी नाही."

"तेच विचारलं," बाई म्हणाल्या.

नवी कवळी बसवून तीन आठवडे झाले होते. तोंडाला सारखं पाणी सुटायचं, पोळी चावताना खालची कवळी वर उचलली जायची, आणि 'श' आला की शिट्टी. शरच्चंद्रांनी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं गळत्या शोधल्या होत्या. ही मात्र सापडत नव्हती.

"कवळीत दोष नाहीये, काका," डॉक्टर अवनीनं आत समजावलं होतं. "मेंदूला वाटतंय तोंडात घास आहे, म्हणून तो लाळ सोडतोय. जीभ अजून जुन्या दातांच्या जागा शोधतेय. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचा. आणि कवळी दिवसभर घालताय ना?"

"बाहेर जाताना घालतो," शरच्चंद्र म्हणाले होते. बायको भाग्यश्री जाऊन दोन वर्षं झाली होती. कसब्यातल्या त्या दोन खोल्यांत आता ते एकटेच राहत. बाहेर जाताना कवळी घालायची, घरी आलं की चपलांसारखी काढून ठेवायची. घरात बोलायचं तरी कुणाशी?

"मग मेंदूला रोज नव्यानं ओळख करून द्यावी लागते," अवनी म्हणाली होती.

हे सगळं बाकावरच्या बाईंनी दारातून ऐकलं होतं, आणि तसं त्यांनी सांगूनही टाकलं. नाव नीरजा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांनाही कवळी बसली होती.

"माझ्या शिट्टीवर तर समोरचा कुत्रा यायचा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला घाई कसली आहे एवढी?"

"पाडवा सहा आठवड्यांवर आलाय. आमच्या आळीतल्या मारुतीसमोर नव्या वर्षाचं पंचांग मी वाचतो. एकतीस वर्षं वाचतोय. मंडळाचा चिटणीस म्हणतो, काका, यंदा रेकॉर्डिंग लावू."

"मग लावू द्या की."

"बायको पहिल्या रांगेत बसून ऐकायची," शरच्चंद्र म्हणाले, आणि हे आपण कशाला सांगितलं म्हणून पुन्हा वैतागले.

नीरजाबाईंनी पर्समधून कागद काढून आपला पत्ता लिहून दिला. मग म्हणाल्या, "उद्या चारला या. एक ते चार मी झोपते, तेव्हा बेल वाजवलीत तर दार उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर टेलिफोनची जुनी मराठी डिरेक्टरी ठेवली. उशीएवढी जाड, तीस वर्षांपूर्वीची.

"हे वाचायचं?"

"मी हेच वाचलं. गोष्ट वाचली की माणूस गोष्टीत अडकतो आणि जिभेवरचं लक्ष सुटतं. इथे नुसती नावं. करा सुरुवात."

शरच्चंद्रांनी सुरुवात केली. अष्टेकर, आगाशे, आपटे... पहिल्या दोन्ही नावांना शिट्टी वाजली.

"कुत्रा आला नाही," नीरजाबाई म्हणाल्या. "म्हणजे प्रगती आहे."

"नीरजाताई, तुम्ही चेष्टा करणार असाल तर—"

"ताई म्हणू नका. मला दोन भाऊ आहेत. तेवढे पुरेत."

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

मग रोजचंच झालं. चारला बेल, अर्धा तास नावं, मग चहा. चहात बिस्किट बुडवायला बंदी. "दोन्ही बाजूंनी चावा," नीरजाबाई सांगत. "एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू रुसते." शरच्चंद्र कुरकुरत, पण चावत. वाचताना त्या त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत. चूक पकडायलाच बघत, पण त्यामुळे चुका वाढत. एकदा डिरेक्टरीचं पान उलटताना दोघांचेही हात एकदम पुढे झाले, आणि मग ते पान बराच वेळ कुणीच उलटलं नाही.

कवळी आता दिवसभर तोंडात असे. लाळ कमी झाली होती. पोळी जमत होती. 'श' मात्र हटून बसला होता. शरच्चंद्रांनी त्यावर आपला उपाय काढला होता: श असलेलं नाव आलं की खोकायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. खात्यातही नको असलेली फाइल ते अशीच खाली सरकवत. पाच आठवडे हे खपलं.

"शाळिग्राम, तुम्हाला खोकला नाहीये," एक दिवस नीरजाबाई म्हणाल्या. त्यांनी डिरेक्टरी ओढली आणि मागचं पान उघडलं. "तुम्ही चुकला नाहीत तर मेंदूला कळणार कसं, काय दुरुस्त करायचं ते? आज फक्त 'श'. सगळं पान."

शरच्चंद्रांनी रागानंच वाचायला घेतलं. शहा, शहाणे, शारंगपाणी. शिट्टी, शिट्टी, अर्धी शिट्टी. बोट खाली सरकत गेलं.

"शाळिग्राम भाग्यश्री शरच्चंद्र, कसबा पेठ," त्यांनी वाचलं.

आणि थांबले.

फोनचा अर्ज तिनेच भरला होता, स्वतःच्या नावानं. फोन येईल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. सात वर्षांनी आला तेव्हा तिनं पहिला फोन त्यांच्या ऑफिसात केला होता: "आला बरं का तुमचा न येणारा फोन."

"शिट्टी वाजली नाही," नीरजाबाई हळूच म्हणाल्या. "कवळी आहे हेच विसरलात तुम्ही."

शरच्चंद्रांनी डिरेक्टरी मिटली. "हेच मला नको आहे. आज कवळी विसरलो. उद्या... आणखी काय विसरेन? सवय होते, सवय होते, जो तो हेच सांगतोय. मला नाही करायची सवय."

ते उठून गेले. चहा तसाच राहिला.

पुढचे तीन दिवस ते गेले नाहीत. कवळी वाटीत, ते खुर्चीत. चौथ्या दिवशी बरोबर चार वाजता त्यांच्याच दाराची बेल वाजली. कवळी शोधेपर्यंत दुसऱ्यांदा वाजली.

"माझे हे जाऊन अकरा वर्षं झाली," दारातूनच नीरजाबाई म्हणाल्या. "अजून भाजीत हिंग टाकताना त्यांच्यासाठी हात आखडतो. त्यांना हिंग चालायचा नाही. सवय झाली म्हणून माणूस जात नाही हो. आधी सारखा बोचायचा, आता बोचत नाही, एवढंच. परवा पाडवा आहे. तुमचा चिटणीस मोबाइल चार्ज करून बसला असेल."

"आत या," शरच्चंद्र म्हणाले.

पाडव्याला चिटणीस अनिरुद्ध खरोखरच स्पीकर जोडून उभा होता. शरच्चंद्रांनी त्याच्या हातातून माइक घेतला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. नीरजाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या. शरच्चंद्रांना ते दिसलं, आणि आवडलं.

संवत्सराचं नाव, राजा, मंत्री, पाऊसपाणी. बारा राशींपैकी वृश्चिकला एक लहानशी शिट्टी वाजली. कुणीतरी वळून पाहिलं. शरच्चंद्र थांबले नाहीत. धनू, मकर, कुंभ, मीन. पंचांग मिटलं तेव्हा अनिरुद्ध म्हणाला, "काका, पुढच्या वर्षीही तुम्हीच."

"मग, कोण?" शरच्चंद्र म्हणाले.

नीरजाबाईंच्या घरी पोचेपर्यंत हिरड्या ठणकत होत्या. कवळी काढावीशी वाटत होती, पण डॉक्टर अवनी सोडून कुणीही त्यांना बोळक्या तोंडानं पाहिलं नव्हतं; भाग्यश्री होती तेव्हा फक्त दोन दाढा पडल्या होत्या. ते अवघडून बसले.

नीरजाबाईंनी टेबलावर पाण्यानं भरलेल्या दोन वाट्या आणून ठेवल्या. एक त्यांच्यासमोर, एक स्वतःसमोर. मग त्यांनी खुशाल आपली कवळी काढली आणि वाटीत सोडली. गाल आत गेले, डोळे मात्र तेच, मिश्किल.

शरच्चंद्रांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपलीही काढली.

दोघं एकमेकांकडे बघत बसले. आधी नीरजाबाई हसल्या, मग शरच्चंद्र. बऱ्याच दिवसांनी पोट दुखेपर्यंत.

हसू ओसरल्यावर शरच्चंद्रांनी टेबलावरून हात पुढे केला, त्यांच्या हातावर ठेवला, आणि दातांशिवाय, ओठांनीच, काहीतरी बोलले. चार-पाच शब्द. त्यातली अर्धी अक्षरं हवेतच गेली.

"कळलं नाही," नीरजाबाई म्हणाल्या.

"कळलंय तुम्हाला."

"कळलंय." त्यांनी हात सोडवला नाही. "पुन्हा सांगा."