कोणाकोणाला सांगायचं?

दार धाडकन उघडलं आणि थेट तिच्या कपाळावर आपटलं. अशी झाली ओळख! आतून बाहेर पडणारा तो ताडमाड तरुण तिच्यापेक्षा जास्त घाबरला. दारावर पाटी होती, 'आनुवंशिक समुपदेशन'. त्याच्या ताईचा स्तनाचा कॅन्सर आनुवंशिक निघाला होता, म्हणून भावालाही तपासणी सुचवली होती.

"पण मला कशाला? हा तर बायकांचा आजार," थंड पाण्याची बाटली तिच्या कपाळाला लावत तो म्हणाला.

"जनुकातला दोष मुलग्यालाही मिळतो, आणि त्याच्याकडून त्याच्या मुलीला. कळलं का, लांबू?"

"कळलं, मास्तरीणबाई!"

ती खरंच शाळेत शिकवायची. तिच्या आईतही तोच दोष सापडला होता.

लांबू तपासणीत सुटला. तिने मात्र स्वतःची तपासणी वर्षभर टाळली. त्या वर्षात एका छत्रीत दोघं फिरले – भिजायचा नेहमी तोच – आणि बघता बघता जीव जडला. म्हणून तर तिची झोप उडाली. शेवटी तिने रक्त दिलं.

रिपोर्टच्या दिवशी जिन्यातच तिने त्याला अडवलं.

"ऐक… काही निघालं, तर लग्नाचं नाव काढायचं नाही. आईच्या आजारपणात बाबा कसे खंगले, मी पाहिलंय."

"हे तू एकटीने ठरवलंस?"

"हो!"

तो तिच्या मागोमाग आत शिरला.

समुपदेशक बाईंनी रिपोर्टला हात लावण्याआधी विचारलं, "आजच ऐकायचंय ना? आणि हे आत बसणार की बाहेर?"

"बाहेर."

लांबू उठला. त्याचा हात दाराला लागला आणि ती गर्रकन वळली.

"थांब… बस इथेच."

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "दोष तुमच्यातही आहे. म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, धोका जास्त आहे. नियमित तपासण्या करू, पुढचे पर्यायही आहेत. घाई नाही."

शेजारी तो हललासुद्धा नाही. आता हा जाणार, आणि मीच तर सांगितलंय!

"घरात हे कोणाकोणाला सांगायला हवं?" बाईंनी हळूच विचारलं.

"धाकटी बहीण… मामा… मामेबहिणी," ती कशीबशी म्हणाली. "बास."

"आणि पुढे मुलं झाली, तर मोठेपणी त्यांना. प्रत्येकाला निम्मी शक्यता असते."

"त्यांना मी सांगेन," लांबू पटकन बोलला. "ही सांगायला बसली तर पोरं घाबरतील. आमच्या पोरांना मीच सांगेन."

बाई पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या.

"आमच्या?" तिचे डोळे भरून आले. "निम्मी शक्यता… ऐकलंस ना?"

"ऐकलं. सगळं ऐकलं."

"लग्नाचं आधी विचारायचं असतं, गाढवा!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," तिने त्याचा हात घट्ट धरला. "…आता विचार."