दवावरचा वाल

"या मातीचा नायस तू!"

सोनुबाईच्या तोंडून शब्द निसटला आणि विपुल बांधावर होता तसाच थिजला. हातात पंपाचा पाइप, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू... ते हळूहळू मावळलं. त्याने पाइप खाली ठेवला, बूट उचलले आणि काढून ठेवलेल्या चहाला हातही न लावता तो निघून गेला.

सोनुबाई दोन दिवस कर्जतला बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात साजगावच्या कारखान्यातली सुट्टी साधून विपुलने शेजारच्या गजाचा पंप मागून आणला, पाताळगंगेच्या डोहात टाकला आणि दिवसभर वालाला पाणी पाजलं. वैनीचं पीक यंदा दुप्पट येईल, तिला केवढा आनंद होईल, या एका वेड्या मायेपोटी! पण भात कापल्यावर उरलेल्या ओलीत वाल पेरायचा आणि मग त्याला पाण्याचा थेंबही दाखवायचा नाही, हे खालापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फुलावर आलेल्या वालात पाणी साचलं की मुळं कुजलीच म्हणून समजा. आठवड्याभरात जवळजवळ सगळं शेत पिवळं पडलं.

सोनुबाईला त्या वालाचं दुःख होतंच, पण विपुलच्या अबोल्याने तिचं काळीज पोखरून काढलं. विपुल तिचा दीर. नवरा हिरू गेला तेव्हा हे पोर रांगत होतं, आणि सासूसासरे तर त्याआधीच गेलेले. माहेरची माणसं तिला न्यायला आली, दुसरं स्थळही बघून ठेवलं होतं. तिने त्या रांगत्या जिवाला पोटाशी धरलं आणि सगळ्यांना परत पाठवलं. त्याच्यापायी तिने आपलं उभं तारुण्य या मातीत गाडलं होतं... आणि आज तोच दुरावला!

अखेर साजगावहून विपुलच्या बायकोचा, जागृतीचा फोन आला. ती सोनुबाईला आईच म्हणे.

"आई, ते धड जेवत नायत. म्हनतात, मला कदी कोनी शेतात नेलंच नाय, मला कसं ठाव असनार?"

सोनुबाईने फोन खाली ठेवला. खरंच, कोणी नेलं नव्हतं! तिनेच नेलं नव्हतं. लहानगा विपुल तिच्या लुगड्याला धरून मागे यायचा, तर ती त्याला दटावून घरी पिटाळायची. तू अभ्यास कर, चिखल माझ्या वाटणीचा, असं दर वेळी बजावायची. आपण केवढा त्याग करतोय, या समाधानात ती कृतार्थ होती. आणि जे तिने त्याला शिकूच दिलं नाही, ते येत नाही म्हणून तिनेच त्याला टाकून बोलावं?

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी सुटायच्या वेळी ती कारखान्याच्या फाटकाशी उभी होती, डोईवर पदर घेऊन, थंडीत कुडकुडत. विपुलने तिला पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. ती एवढंच म्हणाली, "गाडी काढ. ऊन यायच्या आदी पोचाया होवं."

शेताच्या वरच्या अंगाला एक तुकडा वाचला होता, पाणी तिथवर चढलं नव्हतं. तिने त्याला तिथे नेलं. जमीन भेगाळलेली, कोरडी ठणठणीत. आणि तिच्यावर हिरवागार वाल, पांढऱ्याजांभळ्या फुलांनी बहरलेला! पानापानांवरून दव ओघळत होतं आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी तळहाताएवढी माती भिजली होती. कारखान्याच्या गणवेशातच विपुल गुडघ्यांवर बसला. त्याने त्या ओल्या मातीत बोटं घातली आणि कितीतरी वेळ ती तशीच राहू दिली.

"येवढ्यावर जगतो?"

"येवढ्यावरच. थंडीभर, रोज पहाटं असंच आसतं."

"तू रोज बगायचीस?"

"बगायची तर! तू निजलेला आसायचास. हितं उबी रायली का तुज्या भावाचं दुक, अंगाची दुखनी, समदं इसरायची मी."

विपुल मान वर न करता, अगदी हळू म्हणाला, "वैनी, लोक म्हनतात तू मला समदं दिलंस. आन् ह्ये येकटीच बगत रायलीस?"

त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तिला ते सोसवेना. आयुष्यभर ती मानत आली होती, कष्ट आपण घेतले आणि सुख त्याला दिलं...

"चुकले रं बाळा." ती त्याच्याशेजारी मातीत बसली.

त्याने तिचा खरबरीत हात दोन्ही हातांत धरला. पुढल्या साली पेरणीला मला सांग, मी पाळी बदलून घेईन, असं तो म्हणाला. तिने डोळे पुसत मान हलवली. उन्हं आली आणि पानांवरचं दव दोघांच्या देखत आटून गेलं. त्याच्या लहानपणीच्या साऱ्या पहाटा तिला एकदम आठवल्या, आणि त्यांतली एकही आता त्याला देता येणार नव्हती.