विनयने आणलेली बाटली

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर त्यात स्वतःला थोडं बरं दाखवलं असतं.

तारीख ७ फेब्रुवारी २०२१, रविवार. जागा, नेदरलँड्समधल्या डीमन गावातला आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट.

दिवसभर बर्फ पडत होता. ट्रेन बंद. नऊनंतर तसाही कर्फ्यू. आठलाच खाली चिटपाखरू नव्हतं.

माझी बायको मीरा म्हणाली, "धनराज, विनय भावजींची बाटली उघडू या आज. किती दिवस ठेवणार?"

विनय माझा मित्र. औरंगाबादला होस्टेलवर चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. इथे तो वाखनिंगनच्या विद्यापीठात यीस्टवर संशोधन करायचा आणि घरी बेल्जियन पद्धतीची बिअर बनवायचा. नोव्हेंबरमध्ये ही बाटली घेऊन आला होता.

डिसेंबरमध्ये कोविडने गेला. अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला.

बूच काढलं. दोन ग्लास भरले. सोनेरी रंग, वर जाड पांढरा फेस.

मीराने घोट घेतला. "अरे, गोडसर आहे! लवंगेसारखा वास येतोय."

मी घोट घेतला...

कडूजहर. कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं.

आम्ही ग्लास बदलले. तिला पुन्हा गोड. मला पुन्हा कडू.

तेवढ्यात दाराबाहेर... कुणीतरी खाकरलं.

आमच्या दारासमोर उघडी गॅलरी आहे. मी दाराच्या भिंगातून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

मग पुन्हा... अगदी दाराला लागून. दोनदा खाकरून थांबायचं. ही सवय एकाच माणसाची. चार वर्षं शेजारच्या कॉटवरून ऐकली होती मी.

मीराने दार उघडलं.

गॅलरीत घोट्याएवढा बर्फ साचला होता. येताजातानाचं एकही पाऊल नाही.

पण उंबऱ्यापुढे... बुटांच्या मापाच्या दोन मोकळ्या जागा. खालची फरशी दिसत होती. बर्फ सुरू व्हायच्या आधीपासून कुणी तिथे उभं असावं, तशा.

मीरा त्या जागांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाटली आणली त्या दिवशी भावजी घाईत होते, म्हणून आत आले नाहीत, असं सांगितलंस ना मला?"

मी दाराची साखळी चाचपली.

"खरं सांग, धनराज."

सांगितलं. तो दीड-दोन तासांचा प्रवास करून आला होता. टेस्ट निगेटिव्ह होती. तरी मी साखळी काढली नाही. फटीतून म्हणालो, बाटली खाली ठेव आणि जा.

तो हसून म्हणाला, "बरं बाबा. मी इथेच उभा राहून पितो, तू आत पी. एक ग्लास तरी दे."

मी दार लावून घेतलं. मीरा तेव्हा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती.

हे ऐकून ती आत गेली. तिसरा ग्लास आणला, भरला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला.

"भावजी, आत या."

बर्फ करकरला...

एकदाच. कुणी वजन एका पायावर घ्यावं तसा.

मी मीराला आत ओढलं. दार लावलं. साखळीही.

दुसऱ्यांदा.

रात्रभर मी दाराला पाठ लावून बसलो. बाहेर काही म्हणजे काही नाही. साधं खाकरणंसुद्धा नाही.

सकाळी दार उघडलं.

ग्लास रिकामा होता. कलंडला नव्हता. आतल्या बाजूला... फेसाच्या चार कड्या, एकाखाली एक. सावकाश, एकेक घोट घेत प्यायलं तरच अशा कड्या उरतात.

म्हणजे तो बराच वेळ तिथे होता. माझ्या पाठीपासून दाराच्या जाडीइतका लांब.

मीराने तो ग्लास कपाटात वर ठेवलाय. धुऊ देत नाही.

"पुन्हा आले तर?" म्हणते.

मी मान डोलावतो.

पण खरं सांगू? तो पुन्हा यावा असं मला वाटत नाही. आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.