वगळलेली ओळ

त्या मंगळवारी अण्णांनी पोह्यांतल्या मिरच्या काढून बशीच्या कडेला ओळीने मांडल्या आणि मला विचारलं, "आज किती लाल?"

अण्णा म्हणजे माझे वडील, भीमराव. अंबरनाथच्या एमआयडीसीत, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते माझं काम तपासायचे. औषधांच्या गोदामांसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते आणि मी त्याच्या चाचण्या घेते. चाचण्या कॉम्प्युटरच चालवतो. त्यांचा रिपोर्ट एक प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, तयार करतं. पास झालेल्या चाचणीची ओळ हिरवी, नापास लाल, वगळलेली पिवळी. खरवईतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात मी कामाला बसले, की अण्णा चष्मा लावून मागे उभे.

"हे रिपोर्टवालं कुणी लिहिलंय?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"माहीत नाही. परदेशातला कुणीतरी. फुकट असतं, खुलं असतं. आतला कोड कुणीही वाचू शकतं."

"तू वाचलास?"

"नाही."

"ऑफिसात कुणी?"

"नाही, अण्णा."

"मग खुलं ठेवून त्या माणसाने फुकटच मेहनत घेतली म्हणायची," असं म्हणून ते खूप हसले होते.

त्या मंगळवारी एक चाचणी अडली होती. गोदामातल्या फ्रिजचं तापमान वाढलं की निरोप ताबडतोब गेला पाहिजे. तो मधूनच उशिरा जात होता. नऊला ग्राहक रिपोर्ट बघणार होता. मी ती चाचणी वगळली आणि प्लगइनच्या सेटिंगमध्ये वगळलेल्या ओळी लपवायला सांगितलं. पिवळी ओळ गेली. सगळं हिरवं झालं.

"ती कुठं गेली?" अण्णा मागून म्हणाले.

"आजच्यापुरती वगळली."

"वगळ की. पण लिहून वगळायची असते गं. आमच्याकडे रजिस्टरमध्ये 'तपासलं नाही' असं लिहायचं, का नाही ते लिहायचं, आणि जो वगळेल त्याची सही."

कुणाची सही हवी असली की अण्णा रकान्यात जागा सोडून तळाला पेन्सिलीने दोन ठिपके द्यायचे. माझ्या प्रगतिपुस्तकावर आईने कुठे सही करायची, तेही त्यांनी असंच दाखवलेलं असायचं.

"अण्णा, प्लीज. ग्राहक यायचाय."

"बरं, इन्स्पेक्टरीणबाई," म्हणत ते बाहेरच्या खोलीत गेले. आई भाजी आणायला खाली उतरली होती.

आठ बावन्नला ऑफिसातल्या सनीचा फोन आला. मी हेडफोन लावला. तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले. मी मागे न वळता डाव्या हाताचं बोट वर केलं. एक मिनिट, असा त्याचा आमच्या घरातला अर्थ.

नऊ वाजून तीन मिनिटांनी स्वयंपाकघरात स्टीलचा पेला पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही म्हणाले होते का?" मी नाही म्हटलं. पुढे ते आईच्या तोंडी बसलं. अण्णा गेल्यावर पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, "एक शब्द बोलले नाहीत हो. कुणाला त्रास द्यायचा नाही, असाच स्वभाव." माणसं मान हलवायची. मी चहाचे कप गोळा करायची.

तीन आठवड्यांनी मी परत कामाला लागले. आई एकटी नको म्हणून रोजच घरून. अडलेली चाचणी सनीने मधल्या काळात दुरुस्त केली होती आणि ओळी लपवायचं सेटिंगही काढलं होतं. वगळलेलं असं काही उरलंच नव्हतं. तरी पहिल्याच सकाळी रिपोर्टच्या तळाला एक पिवळी ओळ होती.

चाचणीचं नाव कोरं. सुरुवात ८:५२. लागलेला वेळ, अकरा मिनिटं. निकाल: वगळली.

वगळलेली चाचणी चालतच नाही. तिच्या वेळाच्या रकान्यात कायम शून्य असतं.

मी रिपोर्ट पुसला आणि दुसऱ्या दिवशीची वाट पाहिली. ओळ पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी उल्हासनगरला ऑफिसात गेले. कॅम्प एकमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर जीन्स शिवतात. त्या मशिनींमुळे टेबलावरच्या ग्लासातलं पाणी दिवसभर थरथरत असतं. सनीने ओळ पाहिली.

"दीदी, फुकटचं प्लगइन आहे. त्याच्यासोबत भूतपण फुकट," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "सॉरी. म्हणजे बग असणार, दुसरं काय."

"तू कधी आतून वाचलंयस हे?"

"मी? दोन वर्षं रोज वापरतोय, पण वाचायला कुणाला टाइम आहे? सगळी दुनिया वापरते ना, कुणीतरी बघितलंच असेल."

मी वाचायला घेतलं. चौदाशे ओळी होत्या. दोन दिवस लागले. नीटनेटकं, साधं काम होतं. जागोजागी लिहिणाऱ्याने कुणीतरी वाचेल म्हणून टिपा ठेवल्या होत्या. नाव नसलेली ओळ छापणारं त्यात काहीच नव्हतं. वगळलेल्या चाचणीला वेळ देणारंही नाही. मी त्या माणसाला लिहिलं. त्याचं उत्तर दोन वाक्यांचं आलं: प्लगइन स्वतःहून काही लिहीत नाही, त्याला जे कळवलं जातं तेवढंच छापतं. तुमच्या बाजूने कुणीतरी ही नोंद रोज पाठवत आहे.

सनीने ते प्लगइन काढून टाकलं आणि दुसरं बसवलं. वेगळा लेखक, वेगळी मांडणी. त्यात वगळलेल्या ओळी पिवळ्या नाही, करड्या दिसतात.

सोमवारी तळाला एक करडी ओळ होती. ८:५२. अकरा मिनिटं.

या नव्या रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना होता. तो रिकामा होता. फक्त अगदी तळाला, रेघेला टेकून, दोन ठिपके.

"काही नाही, कचरा आलाय डेटात," फोनवर सनी म्हणाला. "दीदी, ऐकताय ना?"

मी ऐकत होते. ठिपक्यांच्या वर सही मावेल एवढी जागा सोडलेली होती.

मंगळवारी मी रिपोर्ट पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही. नव्या प्लगइनमध्ये चाचण्या चालू असतानाही पाहता येतात. पावणेनऊला सुरू केल्या. खालच्या मजल्यावरच्या कौसाबाई आल्या होत्या, त्या आणि आई बाहेर बोलत बसल्या होत्या. हिरव्या ओळी एकाखाली एक उतरत होत्या.

आठ बावन्नला ती आली. निकालाच्या जागी 'चालू आहे' असं होतं. शेजारी सेकंद पुढे सरकत होते.

मी नेटवर्कची वायर काढली. सेकंद थांबले नाहीत.

चाचण्या बंद केल्या. हिरव्या ओळी जागच्या जागी थांबल्या. ती चालत राहिली.

तीन मिनिटं. चार. बाहेर कौसाबाई निघाल्या. दारात आई त्यांना सांगत होती, "एक शब्द बोलले नाहीत हो."

सहा मिनिटं.

दार लागलं. आईची पावलं माझ्या खोलीपर्यंत आली आणि थांबली.

आठ.

"भावना," आई म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस."

"काय?"

"रोज सकाळी ह्या वेळेला मी इकडून जाते. तू माझ्याकडे पाठ करून बसलेली असतेस. मी हाक मारलेली नसते, काही नसतं. तू बोट वर करून कुणाला थांबवतेस गं?"

मी खाली पाहिलं. उजवा हात टेबलावर होता.

डावा खांद्याच्या वर होता. बोट ताठ. कोपर दुखत होतं, म्हणजे हात बराच वेळ तसाच असला पाहिजे.

दहा मिनिटं. कारणाच्या रकान्यात दोन ठिपके. वरची जागा कोरी.

मी खुर्ची वळवली. आई दारात उभी होती, डाव्या अंगाला सरकून, चौकटीत आणखी एका माणसापुरती जागा सोडून.

"अण्णांना," मी म्हणाले. "ते बोलले होते, आई. छातीत जड वाटतंय म्हणाले. दोनदा म्हणाले. मी ऐकलं होतं."